साठ कोस

सावद्यात मे महिना. पारा शेहेचाळीसवर,
खिडकीला बांधलेलं गोणपाट तासाभरात कोरडं.
मी कानांना हेडफोन लावून
बर्फाखालचं पाणी ऐकते.
तुकड्यामागे साडेचार रुपये.

काम सोपं आहे, मॅडम म्हणाल्या होत्या.
दाढीवाला सील ओरडला की वेळ लिहायची,
मग रकाना: पूर्वेचा की पश्चिमेचा.
फोटोत दोघे सारखेच. तीच राखाडी पाठ,
त्याच मिशा, ओल्या केरसुणीच्या काड्यांसारख्या.
शेजारी ठेवले तर त्यांची आईही चुकेल.
फरक गळ्यात आहे.

पश्चिमेचा नर आवाज वरून सोडतो
आणि गिरक्या घेत, उतरत, उतरत नेतो
विहिरीत सुटलेल्या दोरासारखा,
मिनिटभर तळ लागत नाही.
पूर्वेचा आखूड. मध्येच थांबतो,
कुणी हाक मारली म्हणून मागे वळावं तसा,
आणि पुन्हा तिथूनच धरतो.

पहिल्या आठवड्यात मला सगळे एकच वाटायचे.
हेमराज एक कान लावून म्हणाला,
मोटर बिघडल्यासारखी वाजू राह्यली.
त्याचे दिवस केळीच्या काट्यावर जातात.
तिथे एकाच रोपाची लाखभर रोपं,
घडासारखा घड, फणीसारखी फणी,
रोग आला तर सगळ्या बागेला एकदम.
वेगळेपणाची त्याला सवय नाही.

मला आहे.
साक्रीहून लग्न होऊन आले, त्या संध्याकाळी
सासूबाईंनी विचारलं, हंड्यात पानी हाये का?
शे, म्हणाले मी.
ओसरीभर बायका हसल्या.
जात तीच, आडनावं ओळखीची,
कळण्याच्या भाकरीला तीच मिरचीची चटणी,
साठ कोसांत एवढंच बदललं होतं.
तेव्हापासून मी 'आहे' म्हणते.
पुस्तकातलं. ते कुणाच्याच गावचं नाही.

एकदा फोनवर मॅडमना विचारलं,
एवढ्याशा फरकाला पैसे कोण देतं?
त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या,
तिकडे एका बाजूचा बर्फ आता लवकर सुटतो.
पिल्लू पोहायला शिकण्याआधीच.
सगळे एकत्र मोजले
तर आकडा अजून बरा दिसतो.
बेरीज बरी दिसत असतानाच
पूर्वेचे संपून जातील,
आणि वहीत कुठेच खाडाखोड नसेल.

तुकडा अकराशे चाळीस.
रात्रीचे दोन, लाइट गेलेली, इन्व्हर्टरचा पंखा कण्हतोय.
आवाज वरून सुटला, पश्चिमेसारखा,
उतरला, गिरकी घेतली,
आणि थांबला.
मागे वळला. पुन्हा धरला. आखूड.
मी सात वेळा ऐकला.
मागे खरखर, बर्फाला बर्फ घासल्याची,
आणि दुसरं कुणीही उत्तर देत नव्हतं.
हा कुठे जन्मला, कुठे वाहत गेला,
की तिथे ऐकणाऱ्यांना आवडावं म्हणून
अर्धा गळा त्यांचा घेतला,
यासाठी रकाना नाही.
मी दोन्ही चौकटी रिकाम्या ठेवल्या.

गच्चीवर आले तर दगड अजून तापलेले.
हेमराज झोपेतच कुशीवर वळला.
पानी हाये का?
शे, म्हणाले मी,
बावीस वर्षांनी, आपसूक.
दे मंग, म्हणाला तो. घटाघट प्यायला.
हसला नाही. कदाचित ऐकलंच नसेल.

सकाळी मॅडमच्या ऑफिसातून निरोप:
अकराशे चाळीस अपूर्ण. एकच पर्याय निवडा,
अन्यथा रक्कम कापली जाईल.

साडेचार रुपये.
मी हेडफोन लावला,
आणि पुन्हा सुरुवातीपासून ऐकू लागले.